खडक खोलवर आहे, पण विहीर वरूनच जाते

फ्रॅकिंगची, म्हणजे खोलवरचा खडक पाण्याच्या दाबाने फोडून वायू काढण्याच्या पद्धतीची, बाजू घेणारे तज्ज्ञ एक मुद्दा आवर्जून मांडतात आणि तो बहुतांशी खरा आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ज्या मार्सेलस शेल खडकातून नैसर्गिक वायू काढला जातो, तो बहुतेक ठिकाणी जमिनीखाली दीड ते अडीच किलोमीटरवर आहे आणि तिथल्या घरगुती विहिरींचे पाणी त्याच्या कितीतरी वरच्या थरांतून येते. मधले एवढे जाड थर भेदून खालची एखादी भेग पिण्याच्या पाण्याला येऊन भिडेल, असे मानायला फारसा आधार नाही. गेली काही वर्षे या विषयावरचे अहवाल आणि शोधनिबंध जमेल तसे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की हा मुद्दा खरा असूनही दिशाभूल करतो. भेग कुठवर जाते, हा प्रश्न तिथल्या डिमॉकसारख्या, विहिरीच्या पाण्यात वायू शिरलेल्या गावातील लोकांनी मुळात विचारलेलाच नव्हता. आमच्या विहिरीच्या पाण्यात वायू कुठून आला, एवढेच ते विचारत होते.

प्रक्रिया थोडक्यात अशी आहे. आधी उभे छिद्र खणतात, शेलच्या थरात पोहोचल्यावर ते आडवे वळवतात आणि मग प्रचंड दाबाने पाणी, बारीक वाळू व रसायने यांचे मिश्रण आत सोडतात. पाण्याच्या दाबाने खडकाला चिरा पडतात, वाळूचे कण त्या चिरा मिटू देत नाहीत आणि अडकलेला वायू बाहेर येतो. मार्सेलसमधील एका वायुविहिरीला साधारण दीड कोटी लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागते. रसायनांचे प्रमाण अगदी अल्प, अर्धा ते दोन टक्के असते असे सांगितले जाते. परंतु दीड कोटी लिटरचा अर्धा टक्का म्हणजे पाऊण लाख लिटर होतात, हे सांगायचे मात्र राहून जाते. वाळूही निरुपद्रवी नाही. तिच्यातील सिलिकाची धूळ श्वासावाटे जाऊन विहिरीवरच्या कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थांनी 2012 मध्ये दिला होता.

खरी मेख केसिंगमध्ये आहे. आपल्याकडे बोअर मारताना वरचा मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग पाइप घालतात. वायूच्या विहिरीत अशा पोलादी नळ्या एकात एक बसवलेल्या असतात आणि नळी व खडक यांच्यामधल्या पोकळीत सिमेंट भरलेले असते. ही विहीर पिण्याच्या पाण्याच्या थरातूनच खाली जाते. सिमेंट नीट बसले नाही किंवा त्याला फट राहिली, तर मधल्या थरांतला वायू नळीच्या बाहेरून चढत जलधरापर्यंत, म्हणजे भूजल साठवणाऱ्या थरापर्यंत, येतो. सस्क्वेहॅना काउंटीतील डिमॉक येथे 1 जानेवारी 2009 रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साचलेल्या मिथेनचा (नैसर्गिक वायूतील मुख्य घटकाचा) स्फोट होऊन तिच्यावरचे काँक्रीटचे झाकण फुटले. राज्याच्या पर्यावरण विभागाने कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीला डझनाहून अधिक घरांच्या पाण्यात वायू शिरल्याबद्दल जबाबदार धरले आणि 2010 मध्ये सुमारे 9 चौरस मैलांच्या पट्ट्यात नव्या वायुविहिरी खणण्यास मनाई केली. या भागातल्या पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे, असा कंपनीचा दावा होता.

तो दावाही निम्मा खरा होता. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ईशान्य पेनसिल्व्हेनियातील 141 घरगुती विहिरी तपासून 2013 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात 82 टक्के विहिरींत थोडाफार मिथेन आढळला होता. मात्र वायुविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतील घरांत त्याचे सरासरी प्रमाण इतरांच्या सहापट होते. हेलियम, निऑन यांसारख्या निष्क्रिय वायूंच्या खुणांवरून माग काढणाऱ्या 2014 च्या निबंधाने दूषित विहिरींच्या बाबतीत दोष मुख्यतः केसिंग आणि सिमेंटवर ठेवला. म्हणजे खोल खडक फोडण्याला एका अर्थाने निर्दोष ठरवून त्या निबंधाने विहिरीच्या बांधणीवर बोट ठेवले. केंद्रीय पर्यावरण संस्थेने 2012 मध्ये डिमॉकचे पाणी तपासून पुढील कारवाईची गरज नसल्याचे जाहीर केले. त्याच माहितीचा आरोग्याच्या अंगाने विचार करणाऱ्या दुसऱ्या केंद्रीय संस्थेला मात्र 2016 मध्ये काही विहिरींत आरोग्याला बाधक ठरतील अशी प्रमाणे दिसली. आकडे तेच, निष्कर्ष दोन. अखेर 2020 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले. दरम्यान विलीनीकरण होऊन कोटेरा झालेल्या त्या कंपनीने नोव्हेंबर 2022 मध्ये आरोप न लढवण्याची भूमिका घेतली आणि सार्वजनिक नळयोजनेसाठी 1 कोटी 62 लाख 90 हजार डॉलर देण्याचे, तसेच रहिवाशांची 75 वर्षांची पाणीपट्टी भरण्याचे मान्य केले.

विहिरीतून वायूबरोबर जे पाणी परत येते, त्याची कथा याहून लांब पल्ल्याची आहे. मार्सेलसमधून परतणारे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट असते आणि त्यात खडकातले रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्यही विरघळून आलेले असते. सुरुवातीच्या काळात हे पाणी प्रक्रिया केंद्रांत नेऊन नद्यांत सोडले जाई. अशाच एका केंद्राखालच्या ब्लॅकलिक ओढ्याच्या गाळात, वरच्या प्रवाहातील गाळाच्या सुमारे दोनशे पट रेडियम ड्यूकच्या संशोधकांना आढळले. 2011 मध्ये राज्याने कंपन्यांना हा मार्ग बंद करायला सांगितल्यावर पुष्कळसे पाणी टँकरने शेजारच्या ओहायोत जाऊन खोल विहिरींत जिरवले जाऊ लागले. त्यांपैकी यंग्सटाउन येथील एका विहिरीच्या परिसरात, जिथे पूर्वी भूकंपाची नोंद नव्हती, तिथे लहान लहान धक्के सुरू झाले आणि 31 डिसेंबर 2011 रोजी 4.0 तीव्रतेचा भूकंप झाला. ओक्लाहोमात याच कारणाने 2016 मध्ये पॉनी येथे 5.8 तीव्रतेचा धक्का बसला. अर्थात तिथे जिरवलेले बहुतेक खारे पाणी साध्या तेलविहिरींचे होते, त्यामुळे ओक्लाहोमाचे सगळे भूकंप फ्रॅकिंगच्या नावावर लिहिणे मला योग्य वाटत नाही.

आरोग्याबाबतचा पुरावा हळूहळू जमत गेला. पेनसिल्व्हेनियातील 2004 ते 2013 या काळातल्या 11 लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासणाऱ्या 2017 च्या अभ्यासात असे दिसले की वायुविहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांच्या पोटी कमी वजनाचे बाळ जन्मण्याचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढले. तीन किलोमीटरच्या पलीकडे हा परिणाम दिसेनासा झाला. पिट्सबर्ग विद्यापीठाने राज्य सरकारसाठी केलेले आणि 2023 मध्ये जाहीर झालेले अभ्यास अधिक अस्वस्थ करणारे आहेत. वायुविहिरीपासून एक मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांना लिम्फोमा (लसिका संस्थेचा कर्करोग) होण्याची शक्यता, पाच मैलांत एकही विहीर नसलेल्या मुलांच्या तुलनेत, साधारण पाच ते सातपट आढळली, आणि वायूचे उत्पादन चालू असलेल्या काळात दमेकऱ्यांचा त्रास तीव्र होण्याची शक्यता चार ते पाचपट. ल्युकेमियाशी (रक्ताच्या कर्करोगाशी) मात्र संबंध आढळला नाही. लिम्फोमा मुळात दुर्मीळ असल्यामुळे पाचपट म्हणजेही थोडीच मुले, आणि दोष पाण्याचा, हवेतल्या बेंझीनचा की अहोरात्र धावणाऱ्या डिझेल ट्रकांचा, हे अशा अभ्यासांतून ठरत नाही. म्हणूनच अंतराचा नियम मला महत्त्वाचा वाटतो: कारण नेमके कळेपर्यंत घरे आणि शाळा यांच्यापासून वायुविहिरी दूर ठेवता येतात.

हे सगळे कळायला इतका उशीर का लागला, याचे एक उत्तर कायद्यात आहे. 2005 च्या ऊर्जा कायद्याने, डिझेल वापरण्याचा अपवाद वगळता, फ्रॅकिंगला पेयजल सुरक्षा कायद्याच्या भूगर्भात द्रव सोडण्याविषयीच्या नियमांतून सूट दिली. ती तरतूद लोकांत, तेल-वायू विहिरींची कामे करणाऱ्या हॅलिबर्टन या कंपनीवरून, ‘हॅलिबर्टनची पळवाट’ म्हणून ओळखली जाते. पेनसिल्व्हेनियाच्या 2012 च्या कायद्यात तर अशी तरतूद होती की रुग्णाच्या उपचारासाठी डॉक्टरला एखाद्या मिश्रणातील गुप्त रसायनांची माहिती मिळेल, पण ती त्याने गोपनीय ठेवली पाहिजे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती 2016 मध्ये रद्द केली. सस्क्वेहॅना काउंटीला लागूनच असलेल्या न्यूयॉर्क राज्याने याच खडकाबाबत डिसेंबर 2014 मध्ये आरोग्याच्या कारणावरून बंदीचा निर्णय जाहीर केला.

या वायूचा आपल्याशी संबंध कागदोपत्री आहे. अमेरिकेतून गेल या भारताच्या सरकारी वायू कंपनीने दीर्घ मुदतीच्या कराराने घेतलेल्या द्रवरूप वायूचे पहिले जहाज 30 मार्च 2018 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या टर्मिनलला लागले. ते लुइझियानातील साबाइन पास येथून आले होते. गेलचा दुसरा करार मेरीलँडमधील कोव्ह पॉइंटशी आहे आणि त्या टर्मिनलला मार्सेलसचा वायू मिळतो. कोळशाऐवजी हा वायू जाळल्यास धूर, राख आणि कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हे निर्विवाद आहे. पण मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो आणि 2018 मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेच्या तेल-वायू साखळीतून उत्पादनाच्या सुमारे 2.3 टक्के एवढा मिथेन गळतो. कोळशाच्या तुलनेत होणारा फायदा या गळतीने बराच खाल्ला जातो, आणि दाभोळच्या टर्मिनलवर कितीही चोख मोजमाप केले तरी विहिरीवरची ही गळती तिथे दिसत नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये केलेल्या नियमानुसार आयातदारांनी 2027 पासून नव्या करारांत, उत्पादक मिथेनचे मोजमाप युरोपच्या तोडीचे करतात हे दाखवावे, अशी अपेक्षा आहे. वीस-वीस वर्षांचे करार करणाऱ्या भारतीय कंपन्यांनी तशीच अट घालावी आणि मोजमापाचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. किमतीवर घासाघीस करण्याची ताकद ज्या खरेदीदाराकडे आहे, त्याला हे मागता येणार नाही असे मला वाटत नाही.