तुम्ही विचारलंत म्हणून: नव्वदीच्या माणसांना शाळेतली गाणी कशाला?

गणपतीला सगळे जमलो की कुणीतरी विचारतंच. फोनवर सांगलीची माणसं विचारतात. आता तर काइगोच्या, म्हणजे वृद्धसेवेच्या कामासाठी नव्याने तोक्योत आलेली आपली मुलंही विचारतात. "ताई, तुमच्या डे-सर्व्हिसमध्ये, म्हणजे म्हातारी माणसं दिवसभरासाठी येतात त्या सेंटरमध्ये, ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडून तुम्ही शाळेतली गाणी का गाऊन घेता? लहान मूल समजल्यासारखं नाही का होत ते?" दरवेळी मी दोन वाक्यं बोलते आणि विषय जेवणावर जातो. आज सगळं सांगते.

आधी ती गाणी काय आहेत ते बघा. 'ओबोरोझुकियो' १९१४ सालच्या सहावीच्या पुस्तकातलं. पिवळ्या फुलांनी भरलेल्या शेतावर दिवस मावळतो, वर धूसर चंद्र दिसतो, एवढंच त्यात आहे. 'सोशुन्फु' १९१३ चं. वसंत नुसता नावाला आलाय, वारा अजून थंडच आहे, अशी त्याची सुरुवात. चाल अशी वर चढते की मूळ पट्टीत म्हातारा गळा तिथे पोचत नाही, म्हणून मी पट्टी बरीच खाली घेते. 'हारु नो ओगावा' हे वसंतातल्या ओढ्याचं गाणं १९१२ चं. १९४२ मध्ये त्याचे शब्द मुलांना कळावेत म्हणून सोपे केले गेले. त्यामुळे आमच्याकडे पंच्याण्णवच्या पुढचे एका शब्दाने गातात आणि त्यांच्याहून धाकटे दुसऱ्या. त्यावरून वादही होतात, आणि वाद घालणारी माणसं मला तरी लहान मुलं वाटत नाहीत.

आपल्याकडे हरिपाठ किती जण लहानपणीच शिकतात. सत्तरीतल्या बायका देवळात बसून तो म्हणतात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही, की हे पोरपण कशाला.

हे सगळं मलाही आधी पटत नव्हतं. नवी होते तेव्हा मी मीटिंगमध्ये भांडले होते. म्हटलं, यांच्या तरुणपणाची गाणी घ्या, १९४९ चं 'आओई सान्म्याकु' घ्या. शाळा काय लावलीय! त्या वेळच्या मला मी आजही पूर्ण चूक म्हणणार नाही. 'कितागुनि नो हारु' हे १९७७ चं गाणं लावलं, उत्तरेतल्या गावच्या वसंताचं, की पंधराव्या-सोळाव्या वर्षी आओमोरी-इवातेहून नोकरीच्या गाडीत बसून तोक्योच्या उएनो स्टेशनला उतरलेले आजोबा ताठ बसतात. पण त्याच वेळी बाकीच्या टेबलांवर शांतता असते. एकाच्या घरी रेडिओ होता, एकाच्या नव्हता. एक सिनेमाला जायचा, एक शेतात होता. सगळ्यांच्या तोंडी असलेलं, पुरुषाच्या आणि बाईच्या, क्युशूच्या आणि होक्काइदोच्या, असं गाणं शाळेतलंच निघतं. सरकारने मुद्दाम तशी ती देशभर पसरवली होती. १८८१ पासून शाळांसाठी गाण्यांची सरकारी पुस्तकं निघत होती. त्या कारखान्यात देशभक्तीही घडवली गेली, हे मला माहीत आहे. पण आज ज्यांना मुलाचं नाव आठवत नाही त्यांना 'ओबोरोझुकियो'चं दुसरं कडवं आठवतं, हे मी रोज बघते.

शिवाय आम्ही गातो ते जेवणाच्या आधी. आधी 'पा-ता-का-रा' करायचं, ओठ आणि जीभ हलवायची, मग दोन गाणी. घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या वयात जीव घेतो, आणि गायलेला घसा नीट गिळतो. कागदोपत्री हेच कारण लिहिलेलं असतं. खरं आहे, पण मी गाते ते त्यासाठी नाही.

'हाना'बद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

'हाना' १९०० सालचं. तोक्योच्या सुमिदा नदीवर वसंत आलाय, नावा चालल्यात, काठावर साकुरा, म्हणजे चेरीची फुलं. चाल ताकी रेन्तारोची, जो तेविसाव्या वर्षी वारला. गाणं दोन आवाजांचं आहे, पण आमच्याकडे सगळे वरचाच आवाज गातात. फक्त एका बाईंचा सूर वेगळा लागायचा. स्मृती हळूहळू चालली होती त्यांची. सहकारीण म्हणाली, आता सूरही सुटायला लागलाय. एकदा संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कीबोर्डवर खालच्या आवाजाची ओळ वाजवून पाहिली. त्या गात होत्या ती तीच ओळ होती, सुरासकट.

पुढच्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले आणि वरचा आवाज धरला. गाणं संपल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि बोलायला लागल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात शहरांतली तिसरी ते सहावीची मुलं बॉम्बच्या भीतीने शाळाच्या शाळा खेड्यांत हलवली होती. या तिसरीत, थोरली बहीण सहावीत. डोंगरातल्या एका मठात दोघी राहायच्या. धाकटी रात्री रडायची म्हणून थोरलीने तिला आईकडून शिकलेल्या 'हाना'चा खालचा आवाज शिकवला, आणि पांघरुणात दोघी हळू आवाजात गायच्या. मार्च १९४५ च्या सुरुवातीला सहावीची मुलं शाळेच्या निरोप समारंभासाठी तोक्योला परत पाठवली गेली. तशी थोरली पूर्व तोक्योतल्या होन्जोला घरी आली. ९ मार्चच्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्या सुमारे तीनशे बी-२९ बॉम्बफेकी विमानांनी पूर्व तोक्यो जाळलं. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. कितीतरी जण सुमिदाच्या पुलांकडे आणि पाण्याकडे धावले होते. प्रेतं तात्पुरती जिथे पुरली त्यांत सुमिदा पार्कही होतं, जिथे आज आपण साकुरा बघायला डबे घेऊन जातो. आई आणि बहीण सापडल्याच नाहीत. बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वरचा आवाज मला येतच नाही. तो ती म्हणायची ना."

दुसऱ्या दिवशी घर आणि सेंटर यांच्यातल्या निरोपाच्या वहीत लेकीची चिठ्ठी आली. आई रात्रभर जागी होती, बहिणीला हाका मारत दाराशी जात होती. कृपया ते गाणं घेऊ नका. प्रमुखांनी त्याच दिवशी 'हाना' यादीतून काढलं.

लेकीचं मला पटतं. रात्री दाराशी उभी राहते ती, आणि सकाळी कामावर जाते तीही तीच. पण पुढच्या वसंतात बाईंनी गाण्यांची वही दोनदा उलटून पाहिली आणि विचारलं, "हाना कुठे आहे?" प्रमुख गोड आवाजात म्हणाले, यंदा नवीन गाणी घेतलीत हं. तो आवाज आपण बालवाडीत लावतो. लहान मूल समजण्याबद्दल तुम्ही मला विचारता तेव्हा मला तो आवाज ऐकू येतो आणि मी चिडते. तुमचा त्यात दोष नाही.

मग मीच मला विचारते, की त्यांनी मागितलं म्हणून द्यायचंच का? मागितलेलं त्यांना संध्याकाळपर्यंत आठवत नाही, आणि दुखतं मात्र रात्रभर. दुःख आहे म्हणून गाणं काढायचं तर वसंतातलं एकही गाणं उरणार नाही, असं मी एका बाजूने म्हणते. पण त्या रात्रीला मी तिथे नसते, हे दुसऱ्या बाजूने तितकंच खरं.

मार्चची यादी आज केली. १० तारीख गेल्यानंतरच्या आठवड्यात 'हाना' लिहिलंय, सकाळच्या पहिल्या वेळेत, म्हणजे नंतर दिवसभर आम्ही त्यांच्याजवळ असू. प्रमुखांना दाखवण्याआधी लेकीला फोन करणार आहे. ती नाही म्हणाली तर काय करायचं, हे मी ठरवलेलं नाही.