वावर विकावं लागतं का?

दिवाळीत गावी आलो की दारव्ह्याच्या बसस्टँडवर सुरू झालेला प्रश्न घरच्या ओट्यापर्यंत सोबत येतो. "भाऊ, कॅनडाले जाले वावर इका लागते काय?" कोणी थेट विचारतं, कोणी "किती लाख लागले?" असं आडून. या खेपेला शेजारच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या पोराचं आयटीआय झालंय. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सगळं नीट लिहून काढतो.

नाही लागत. आमचं साडेचार एकर आजही बाबांच्या नावावर आहे.

कुशल कामगारांना गुण मोजून कायमचा रहिवास देण्याची पद्धत कॅनडाने १९६७ साली आणली. अर्ज घेण्याची आजची पद्धत, एक्सप्रेस एन्ट्री, २०१५ पासूनची. तिथे माझ्यासारख्यांना आधी शंभरपैकी ६७ गुणांची चाळणी असते. तीतून पार पडलं की सगळ्यांना १२०० गुणांच्या रांगेत उभं करतात आणि ठरावीक दिवसांनी वरच्यांना बोलावतात. ती एक फेरी, आणि शेवटच्या बोलावलेल्याचे गुण ही तिची रेषा. गुण वयाला, शिक्षणाला, भाषेला, अनुभवाला.

माझाच हिशेब सांगतो. लग्न झालेलं नव्हतं, शिक्षण एम.टेक., बुटीबोरीच्या एका कारखान्यात चार वर्षं झालेली. २०१८ च्या पावसाळ्यात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. ऐकण्यात ७, वाचन, लेखन, बोलणं तिन्हींत ६. वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, इंग्रजीचे ६८, आणि इंग्रजीच्या जोडीने शिक्षण-अनुभवाचे ५०. एकूण ३६३. रांगेत कुठेच नाही.

ते ऐकून बाबांनी पत्र्याच्या पेटीतून सातबारा काढला. प्लास्टिकच्या पिशवीत, वर सुतळी बांधलेला. म्हणाले, "बाबू, दोन एकर इकून टाकतो. तुह्या मार्कात भर पडन." मी मोबाईलवर गुणांचा तक्ता उघडून एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "याच्यात वावराचा रकाना कुठं हाय?" नव्हताच. त्यांनी सुतळी पुन्हा बांधली, पण पेटी बंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या हंगामात मी दर शनिवारी गावी यायचो. सोयाबीन निघालं, तूर उभी होती, आणि रानडुकरांमुळे जागलीला जावंच लागायचं. मचाणावर बसून एका कानात इअरफोन, दुसरा कान डुकरांसाठी मोकळा. ऐकण्याच्या पेपरात ध्वनिफीत एकदाच वाजते, मागे नेता येत नाही. म्हणून मीही एकदाच ऐकायचो आणि बॅटरीच्या उजेडात उत्तरं वहीत लिहायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला माणूस मी. इंग्रजी वाचून कळायचं, पण लिहिताना वाक्य मराठीच राहायचं. ते मोडायला चार महिने लागले. रोज एक पत्र आणि एक निबंध, आणि ऑफिसातल्या एका मॅडमकडून त्याची तपासणी. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

२०१९ च्या जानेवारीत ऐकण्यात ८, बाकी तिन्हींत ७. माणूस तोच, डिग्री तीच, पण इंग्रजीचे ६८ चे १२४ झाले आणि जोडगुण ५० चे १००. बेरीज ४६९. म्हणजे १०६ गुण वाढले, सगळे भाषेने. त्या वर्षी बहुतेक फेऱ्यांची रेषा ४७० च्या खालीच होती. मला बोलावणं आलं. तेव्हा वय २९ होतं. तीस पूर्ण झाली असती तर पाच गुण गेले असते. पुढे चाळिशीपर्यंत दरवर्षी पाच-सहा जातात, त्यानंतर वर्षाला अकरापर्यंत, आणि पंचेचाळिशीला वयाचा गुण शून्य होतो.

आता पैशाचं. खात्यात ठरावीक रक्कम दाखवावी लागते हे खरं. ती घरच्या माणसांच्या संख्येवर ठरते आणि दरवर्षी बदलते. पण ती अट आहे, तिला गुण नाहीत. उसना पैसा चालत नाही, जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, आणि बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते. माझी रक्कम पगारातून जमली.

अनुभवपत्राकडे मात्र लक्ष द्या. आमच्या कारखान्याने मला आधी एका ओळीचं पत्र दिलं होतं, वर्तन चांगलं आहे म्हणून. त्याचा उपयोग नाही. पद, काम काय केलं, आठवड्याचे तास, पगार, सगळं लिहून घ्यावं लागतं.

आणि हे लपवणं बरोबर नाही: माझे ४६९ आज पुरले नसते. २०२४ मध्ये सर्वांसाठीच्या फेऱ्यांची रेषा ५२० च्या वर होती. २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी, आरोग्यसेवेतल्यांसाठी, वेल्डर-इलेक्ट्रिशियनसारख्या कारागिरांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. एखाद्या प्रांताने निवड केली तर ६०० गुण मिळतात. वाट आहे, पण अरुंद आहे.

म्हणूनच कॅनडाला पाठवतो म्हणणाऱ्या एजंटांचा मला संताप येतो. शेजारच्या गावात एका घराने दोन एकर विकून अशा एजंटाकडून कॅनडातल्या नोकरीचं पत्र विकत घेतलं. पत्र खोटं निघालं. रांगेत नोकरीच्या पत्राला मिळणारे ५० किंवा २०० गुण तर २५ मार्च २०२५ पासून बंदच झालेत. तरी ते पत्र अजून विकलं जातं, आणि घेणारा आपल्यातलाच असतो.

काकूंच्या पोराला मी परवा एक पत्र लिहायला दिलं. घरमालकाला, नळ गळतो म्हणून. परीक्षेत असलीच पत्रं येतात. तो म्हणाला, "दादा, आपल्या गावात घरमालक कोण हाय?" मी म्हटलं, समज, आहे. रात्री वही आणून दिली. अकरा चुका होत्या. दुसरं पत्र उद्या आणतो म्हणाला.