‘नाही’चा बाण कुठे जातो?

पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) केबिनमध्ये भिंतीवर लॅमिनेट केलेला फ्लोचार्ट होता. सांडपाणी कुठून येतं, कुठल्या टाकीत काय घालायचं, बाहेर कधी सोडायचं, हे सांगणारा. जवळ जाऊन पाहिलं की काही चौकटींमागचं पांढरं बाकीच्या कागदापेक्षा जास्तच पांढरं दिसायचं. मूळ चार्ट कुणीतरी व्हिजिओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता. तो माणूस नोकरी सोडून गेला, फाइल त्याच्याबरोबर गेली, आणि मागे उरलं ते वर्डमध्ये चिकटवलेलं चित्र. पुढे प्रत्येक बदल असाच झाला: चित्रावर पांढरा चौकोन ठेवायचा, त्यावर नवीन मजकूर टाइप करायचा आणि प्रिंट मारायची. बाण मात्र चित्राच्या आतले, ते हलत नाहीत. कार्बन फिल्टर बसवला तेव्हा त्याची चौकट खाली कोपऱ्यात जागा मिळेल तिथे आली आणि तिच्याकडे एकही बाण जात नव्हता. पाणी तिथे कसं पोचतं ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

मी आयटीआयचा मेकॅनिकल ड्राफ्ट्समन. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग बोर्डावर सुरुवात केली, मग ऑटोकॅड, आणि आता एका छोट्या फर्ममध्ये कारखान्यांची कागदपत्रं करतो. एसओपी (कुठलं काम कसं करायचं ते लिहिलेला कागद), लेआउट, ऑडिटच्या फायली. हा चार्ट नव्याने करायचं काम आलं त्याला कारण होतं. ईटीपीचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे ‘काका’ म्हणतात, ते रिटायर होणार होते. त्यांच्या जागी येणाऱ्या पोराला शिकायला काहीतरी हवं होतं, आणि भिंतीवरच्या त्या कागदावरून शिकणं शक्य नव्हतं.

माझ्याबरोबर आमच्याकडची ट्रेनी होती, केमिकल इंजिनिअर. तिची कल्पना अशी की काकांना प्रश्नावली वगैरे द्यायचीच नाही. त्यांनी बोलायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, त्याचा मजकूर करून एआयला द्यायचा आणि आकृती मागायची. मला शंका होती. पण एक कबूल करतो, फ्लोचार्ट हा प्रकार मुळात कॉम्प्युटरवाल्यांचा नाहीच. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या नवराबायकोने १९२१ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडला तो कारखान्यातल्या कामाची पद्धत कागदावर उतरवण्यासाठी. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो नंतर उचलला. आता त्यांच्याकडून तो परत ईटीपीत येतोय तर येऊ दे.

काका सुरुवातीला रेकॉर्डिंगसाठी बोलतात तसं बोलले, छापील. ट्रेनीने विचारलं, “काका, रात्रपाळीला आल्यावर पहिलं काय करता?” मग गाडी रुळावर आली. आधी इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सगळ्या प्लांटचं पाणी जिथे आधी एकत्र येतं तिथे, डोकावतो. पाण्याचा रंग बघतो. रंगावरून कुठल्या प्लांटचं आलंय ते कळतं. मग पीएच. मीटर आहे, पण मीटरच्या जोडीला पीएच पेपरही बुडवतो, कारण मीटरचा प्रोब मळला की तो आपला सात-सात दाखवत बसतो. ॲसिडिक असेल तर लाइम, म्हणजे चुना. मग फ्लॉक (गाळाचे पुंजके) नीट बांधला जातोय का, क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) काही तरंगत जातंय का, एअरेशनचा, म्हणजे पाण्यात हवा सोडतात त्या टाकीचा, फेस कसा आहे. पुढे सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, शेवटची टाकी. तिथे पुन्हा पीएच, आणि बरोबर असेल तरच आउटलेट उघडायचा. तिथून पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राच्या लाइनला लागतं आणि शेवटी खाडीत जातं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली, तेव्हापासून ऑडिटला येणारी माणसं या आउटलेटपाशी जरा जास्त वेळ उभी राहतात, असं काकांचं निरीक्षण.

ट्रेनीने आधी गंमत म्हणून थेट चित्र मागितलं. आलं ते दिसायला झकास आणि वाचायला निरुपयोगी. टाक्यांवर देवनागरीसारखं दिसणारं पण कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी लिहिलेलं. शिवाय ते चित्रच. म्हणजे पुन्हा पांढरे चौकोन. मग तिने मर्मेडचा मजकूर मागितला. मर्मेड म्हणजे आकृती शब्दांत लिहायची पद्धत: एका ओळीत एक चौकट, बाण, दुसरी चौकट, बाणावर ‘हो’ किंवा ‘नाही’. कुठली चौकट कागदावर कुठे बसवायची ते सॉफ्टवेअर ठरवतं. ग्राफव्हिझ नावाचं जुनं सॉफ्टवेअर हे काम कित्येक वर्षांपासून करत आलंय, पण मर्मेड ब्राउझरमध्ये चालतं आणि एआयला ते चांगलं लिहिता येतं. मराठी मजकूर त्याने विनातक्रार घेतला. फक्त चौकटीतल्या मजकुरात गोल कंस आले की ते अडतं, तो मजकूर अवतरणचिन्हांत घालावा लागतो. एवढं दुरुस्त केल्यावर स्क्रीनवर पूर्ण चार्ट उभा राहिला. काकांचा चहा संपायच्या आत.

ए-थ्री प्रिंट काढून काकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवून निघाले. बोट सरकत होतं, मान हलत होती. शेवटच्या टाकीच्या डायमंडपाशी, म्हणजे प्रश्नाच्या तिरक्या चौकटीपाशी, बोट थांबलं. ‘पीएच मर्यादेत आहे का?’ त्यातून ‘हो’ आउटलेटकडे. ‘नाही’चा बाण एका चौकटीकडे, तिच्यात लिहिलेलं: ‘शिफ्ट इन्चार्जला कळवा व सुधारात्मक कारवाई करा’. तिथून बाण परत पीएच तपासणीकडे.

“हे कोण म्हणालं?” काकांनी विचारलं.

कुणीच म्हणालं नव्हतं. आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. काका एवढंच म्हणाले होते की बरोबर असेल तर सोडायचं. बरोबर नसेल तर काय, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. एआयने मोकळी जागा पाहिली आणि भरली. भरली ती अशा वाक्याने की जे जगातल्या कुठल्याही एसओपीत खपून जाईल.

“रात्री दोनला शिफ्ट इन्चार्ज कुठं सापडतो, साहेब?” काका म्हणाले. “आणि सापडला तर तो मलाच विचारणार, काका काय करायचं.”

ट्रेनीने त्यांच्यासमोरच मजकुरातल्या त्या ओळी उडवल्या. मग खरं काय करता ते विचारलं. आउटलेट बंद, रीसर्क्युलेशनचा पंप चालू, पाणी परत इक्वलायझेशन टाकीत. दोन ओळी लिहिल्या, चार्ट नव्याने मांडला गेला. आता एक लांब बाण तळातून वर जाऊन पहिल्या टाकीला लागला.

आयुष्यभर पाइपलाइनी काढलेल्या माणसाची नजर अशा वेळी एकाच गोष्टीकडे जाते. मी त्या टाकीला लागणारे बाण मोजले. आत येणारे दोन: प्लांटकडून एक, हा परतीचा एक. बाहेर जाणारा एकच, आणि तो फिरून परत इथेच येणारा. आउटलेट बंद असताना प्लांटमधून पाणी येतच असेल, तर टाकी चढणार.

“काका, टाकी चढत नाही का मग?”

“चढती की.”

“मग?”

“मग मी वर फोन लावतो. बी प्लांटच्या पोराला सांगतो, बाबा रे, रिॲक्टर आता धुऊ नको, सकाळी धू.”

“आणि तो ऐकतो?”

“माझं ऐकतो.”

ट्रेनीने टाइप करणं थांबवलं. आमच्याबरोबर बसलेल्या सेफ्टीच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या कारखान्याच्या कुठल्याही कागदात, एसओपीत, ट्रेनिंगच्या रजिस्टरात या फोनचा उल्लेख नव्हता. वर्षानुवर्षं ती टाकी ओसंडली नाही याचं कारण पंप नव्हता, लेव्हल अलार्म नव्हता (तो होता, पण बंद पडलेला). कारण होतं काकांचा मोबाइल आणि काकांचा शब्द. आणि ते पुढच्या महिन्यात घरी जाणार होते.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी काय होतं, असं मॅडमनी विचारलं. काकांनी खांदे उडवले. “दुसरा असतो. त्याचं ऐकत असतील.”

मला या प्रकारात खटकलं ते हे. एआयने चुकीचं काढलं असतं तर ठीक होतं, चूक दिसते. त्याने सभ्य काढलं. ती ‘सुधारात्मक कारवाई’ची चौकट राहिली असती तर चार्ट पूर्ण दिसला असता, ऑडिटर सही करून गेला असता आणि टाकीचा प्रश्न कुणाला पडलाच नसता. माणूस ज्या ठिकाणी गप्प बसतो, ‘हे काय सांगायचं’ म्हणून सोडून देतो, तिथेच त्याचं खरं काम असतं. नेमकी तीच जागा हे यंत्र गुळगुळीत करून ठेवतं. ट्रेनीने त्याच दुपारी सूचना बदलली: सांगितलेलं नाही ते घालायचं नाही, एखादी शाखा सांगितली नसेल तर तिथे लाल चौकट काढून प्रश्नचिन्ह टाकायचं. पुढच्या खेपेला चार्टवर बऱ्याच लाल चौकटी आल्या आणि त्याच आमची प्रश्नावली झाल्या. लाइम संपला तर? फिल्टर प्रेसचं (गाळ पिळून काढायच्या यंत्राचं) कापड फाटलं तर? वीज गेली तर एअरेशन किती वेळ बंद चालतं? तरीही मधूनच एखादी चौकट ते गुपचूप भरतंच. म्हणून प्रत्येक बाण रेकॉर्डिंगशी ताडून पाहायचा, याला पर्याय नाही.

आणि म्हणूनच पीअँडआयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांचं ड्रॉइंग, मी अशा पद्धतीने काढू देणार नाही, हेही इथेच सांगतो. ऑपरेटर काय ठरवतो त्याचा चार्ट वेगळा आणि लाइनवर कुठला वॉल्व्ह कुठे आहे ते ड्रॉइंग वेगळं. तिथे नसलेला एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) सभ्यपणे काढला गेला, तर कुणीतरी त्याच्यावर विसंबून लाइन उघडेल.

काकांची दुसरी तक्रार मला आधी हट्ट वाटली. एक ओळ घातली की चार्ट नव्याने मांडला जातो आणि चौकटी जागा बदलतात. “माझी एअरेशन टाकी कंपाउंडच्या बाजूला आहे, डावीकडं. ही उजवीकडं कशी गेली?” सॉफ्टवेअरला कंपाउंड माहीत नाही. ते चौकटींचे थर लावतं, बाण शक्यतो एकमेकांना छेदू नयेत असं बघतं. या पद्धतीचा पाया सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये घातला. पण काकांचं बरोबर होतं. नवा पोरगा रात्री कागद हातात धरून उभा राहील तेव्हा डावीकडची टाकी कागदावरही डावीकडेच हवी.

मग मर्मेडचा मजकूर ड्रॉ आयओ या हाताने आकृत्या मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि त्याच्या सुट्या चौकटी करून घेतल्या. काकांनी माउस मागितला. एअरेशन टाकी धरली, ओढत डावीकडे नेली आणि तिला लागलेले बाण तिच्याबरोबर गेले. ते बघून ते एवढे खूश झाले की तिला उगाच दोनदा इकडून तिकडे फिरवून आणली. मग क्लॅरिफायर हलवला, फिल्टर प्रेस शेडच्या बाजूला नेला. भिंतीवरच्या त्या जुन्या कागदाशी इतकी वर्षं काढलेला माणूस होता तो.

यात एक पेच आहे तो काम करणाऱ्याने आधीच ओळखावा. चौकटी हाताने हलवल्या की मजकुराकडे परतता येत नाही. मजकूर आणि आकृती दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि महिन्याभरात एकमेकींना खोटं पाडायला लागतात. आम्ही ठरवलं की काकांशी बोलणं चालू आहे तोवर मजकूर खरा, आणि एकदा हाताने मांडणी झाली की ड्रॉ आयओची फाइल खरी. पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, काढताना आकृतीची प्रत आतच ठेवायचा पर्याय त्यात आहे, तो टिक केला. म्हणजे उद्या कुणाकडे नुसतं चित्र उरलं तरी ते परत उघडून बदलता येईल.

त्या फोनचं पुढे काय झालं, तर भांडण झालं. आम्ही चार्टमध्ये ईटीपीकडून बी प्लांटकडे एक बाण काढला: टाकी चढली तर रिॲक्टर धुणं थांबवायला सांगा. प्रॉडक्शनच्या मॅनेजरनी तो बाण पाहिला आणि त्यांचं म्हणणं पडलं की ईटीपीचा ऑपरेटर आमचा बॅच कसा अडवेल? फोनवर इतकी वर्षं हेच चालू होतं, त्यावर त्यांची हरकत नव्हती. कागदावर बाण आला तसा तो अधिकार झाला. मॅडम हटल्या नाहीत. शेवटी बाण राहिला, पण ‘टाकी चढली’ म्हणजे किती, हे आकड्यात द्या अशी अट पडली.

काकांना आकडा माहीत नव्हता. त्यांना खूण माहीत होती. टाकीच्या आतल्या लोखंडी शिडीची वरून तिसरी पायरी बुडाली की फोन. इन्स्ट्रुमेंटच्या माणसाने टेप लावून ती पायरी मोजली, तो आकडा चार्टमध्ये गेला, आणि बंद पडलेला लेव्हल स्विच दुरुस्त करून त्याच उंचीला बसवायचं ठरलं. काका म्हणाले, बसवा, पण पायरीला लाल रंगही मारा.

नवा चार्ट त्या पोराला दाखवला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि त्याने विचारलं, “प्लांटवाल्याने फोन उचलला नाही तर?” ट्रेनीने तिथल्या तिथे डायमंड काढला. ‘हो’चा बाण जोडला. ‘नाही’च्या बाणाला लाल चौकट लावली, आत प्रश्नचिन्ह. मॅनेजर म्हणतात सिक्युरिटीला पाठवा, मॅडम म्हणतात ईटीपीच्या ऑपरेटरला ड्रेनचा वॉल्व्ह बंद करू द्या. पुढच्या बैठकीत ते दोघं आणि काका समोरासमोर बसणार आहेत. तोवर फाइल मसुदा म्हणूनच ठेवलीय.