गोधडीतून एक हात बाहेर

२४ डिसेंबर, रात्र

दिवसभर बोचरा वारा. निफाडकडे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटायला लागल्यात म्हणे. तिकडचा पारा उतरला की इकडे नाशकात कानटोप्या बाहेर येतात. नऊच्या आत जेवणं आटोपून सगळे अंथरुणात.

दुपारी मैत्रिणीचा फोन. थंडीत काय वाचू, सांग. आणि लगेच स्वतःच, "रात्री मोठ्या असतात, एखादी जाडजूड कादंबरीच काढते." असं म्हणणारी माणसं गोधडीत पडून वाचत नसावीत. सातशे पानांचा ठोकळा छातीवर उभा धरायचा म्हणजे दोन्ही हात कोपरापर्यंत बाहेर, आणि एका हाताने धरावा तर डुलकी लागताच थेट नाकावर. म्हणून माझ्याकडे सरळ वाटणी आहे. रात्री बारीक पुस्तकं, जाड ती सकाळी गच्चीवरच्या उन्हात.

रात्रीचं सध्याचं पुस्तक म्हणजे गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पुन्हा काढलंय. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज, आणि उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढ्या हिशेबाने तो काकांबरोबर निघाला आणि १८५७ च्या बंडात जाऊन अडकला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. शाळेत आपण झाशीची राणी घोड्यावर बघितली. इथे ती शेजारच्या वाड्यात राहणाऱ्या बाईसारखी दिसते, तिची दिनचर्या, कपडे, दानधर्म सगळ्यासकट. मग इंग्रज शहरात शिरतात, आणि हा माणूस कत्तल, लूट, स्वतःची तहानभूक एकाच सुरात सांगत जातो. कुठे आवाज चढवत नाही. त्यामुळेच वाचताना पाय आखडून घ्यावेसे वाटतात.

वाटेत लुटला गेला. पण घरी परतताना काय आणलं, तर गंगेच्या पाण्याची कावड. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. कर्ज राहिलं ते राहिलंच. हे सगळं त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी लिहिलं, आणि पुस्तक छापून आलं ते १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी काढलं तेव्हा, भटजींच्या माघारी. काही शब्द अडतात, अडू द्यावेत. दहाएक पानांत कान सरावतो.

गच्चीवर मात्र 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. हे मनात वाचायचं पुस्तकच नाही. सासूबाई संक्रांतीचे तीळ निवडायला बसतात, मी पलीकडे पाठ उन्हाला करून मोठ्याने वाचते. लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, त्यामुळे सासूबाईंना ती गोष्ट गावातल्याच कुणाची तरी वाटते. वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आज पुन्हा वाचायला लावलं. बाहेरून आलेलं धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! सासूबाई ताट बाजूला ठेवून हसत होत्या. "आमच्या आत्याबाई काय कमी होत्या का गं?" म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास आत्याबाईंचा. पुस्तक मांडीवर तसंच.

हसवता हसवता ही बाई एकदम गप्प करते, हेही खरं. नवरा ख्रिस्ती झाला १८९५ साली, आणि ती मागे राहिली, वर्षानुवर्षं. तो भाग आला की सासूबाई तीळ चाळत राहतात, मान वर करत नाहीत. चार भाग आहेत, १९३४ ते ३६ मध्ये आलेले. एकत्र आवृत्ती घ्यावी. संक्षिप्त घेऊ नये, असं मी तरी म्हणेन. या बाईच्या बोलण्यातलं काय कापायचं, हे ठरवणारे आपण कोण?

'बनगरवाडी' तर सांगायलाच नको. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर रुजू झालेला कोवळा मास्तर, हुशार कारभारी, आणि शेवटी पडणारा दुष्काळ. व्यंकटेश माडगूळकरांनी एक वाक्य जास्तीचं खर्चलेलं नाही. दोनतीन रात्रींत होतं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' सलग वाचू नये. निसर्गाबद्दल महिन्यामहिन्याने लिहिलंय, तसंच वाचावं. सध्या पौष चालू आहे, म्हणजे पौषाचा लेख, बस्स.

गो. नी. दांडेकरांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा', नर्मदेच्या परिक्रमेवरचं, मैत्रिणीला सांगावं की नाही, यावर जरा विचार केला. ही परिक्रमा चातुर्मास संपल्यावर चालू होते, म्हणजे ऐन थंडीतच माणसं त्या वाटेवर असतात. गोधडीत पडून ते वाचलं की आपणही काठी घेऊन निघावं असं वाटायला लागतं, आणि तिला नोकरी आहे. तरी नाव कळवलंच. प्रत मात्र तिची तिने मिळवावी. माझी दिरांनी गेल्या हिवाळ्यात नेलीय, आणि विचारलं की म्हणतात, "वहिनी, शेवटची थोडीच पानं राहिलीत."