अला-कुल ट्रेक: खिंडीपलीकडचा घसारा कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय

किर्गिझस्तानचा अला-कुल ट्रेक "सोपा आहे", "तीन दिवसांत आरामात होतो", "बिगिनरसाठी बेस्ट" असं कुठे वाचलंत किंवा कोणी रील दाखवून सांगितलं तर त्याला एकच विचारा, बाबा रे, खिंडीवरून अल्तिन-अराशानच्या बाजूला तू स्वतः उतरलायस का? कारण बरेच जण तलावापर्यंत जातात, फोटो काढतात आणि आल्या वाटेने परत फिरतात, मग सोपा सोपा म्हणून सांगत सुटतात. तलावापर्यंतची वाट दमवते पण सरळ आहे. पुढची खिंड आणि पलीकडची घसाऱ्याची, म्हणजे सुट्या खडीची उतरण हे प्रकरणच वेगळं आहे आणि मी मुख्यतः त्या एका उतरणीसाठी लिहितोय, बाकीचं जाता जाता सांगतो.

आधी थोडक्यात नकाशा. कराकोल हे गाव इस्सिक-कुल या मोठ्या तलावाच्या पूर्व टोकाजवळ आहे, बिश्केकपासून साधारण ४०० किमी, मार्श्रुत्काने (तिथली मिनीबस) किंवा शेअर टॅक्सीने सहा-सात तास. कराकोलची उंचीच १७०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई (१६४६ मी) तिथल्या बाजारपेठेपेक्षा खाली. तिथून कराकोल नदीच्या खोऱ्यातून वर जायचं, पूल ओलांडून जंगलातून सिरोता कॅम्प (सुमारे २९०० मी), मग धबधब्याच्या कडेने अला-कुल तलाव (३५३२ मी), तलावाच्या वरच्या अंगाने आडवं जात खिंड (३९०० च्या आसपास), आणि पलीकडे उतरून अल्तिन-अराशानचे गरम पाण्याचे झरे (सुमारे २५०० मी), शेवटी अक-सू गाव आणि कराकोल परत. या मार्गाला बॉर्डर परमिट लागत नाही, ते चीनच्या सीमेकडच्या इनिलचेकसारख्या भागासाठी लागतं. खोऱ्याच्या तोंडाशी नॅशनल पार्कची फी घेतात, तिची पावती घ्या आणि जपून ठेवा. व्हिसा ऑनलाइन होतो.

आता हे आकडे पुन्हा एकदा बघा. पुण्याहून निघालेला माणूस, ५६० मीटरवर राहणारा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ३९०० मीटरवर उभा असतो. हिमालयात कुठलाही बरा ट्रेक लीडर हे करू देणार नाही, पण इथे सगळ्यांचे प्लॅन असेच असतात. वर खोऱ्याच्या रस्त्याच्या टोकापर्यंत जुन्या सोव्हिएत ट्रकमधून सोडतात, तेवढी दिवसभराची सपाट पायपीट वाचते खरी, पण शरीराला उंचीची सवय व्हायला जो वेळ मिळणार होता तोही जातो. आमच्यातल्या दोघांचं सिरोतालाच डोकं ठणकायला लागलं होतं, रात्री झोप नाही, जेवण नको. माझं स्पष्ट मत आहे की वेळ असेल तर शेजारच्या जेती-ओगुझ खोऱ्याकडून सुरू करा, तेलेती खिंड (सुमारे ३७५० मी) ओलांडून कराकोल खोऱ्यात उतरा आणि मग अला-कुलला चढा. दोन दिवस जास्त जातात पण अला-कुलच्या वेळी फुप्फुसं तयार असतात. वेळ नसेल तर निदान ट्रक घेऊ नका, खोऱ्यातून चालत जा आणि सिरोताच्या खालीच नदीकाठी मुक्काम करा.

सिरोताहून तलावापर्यंतची चढण तिरपी आहे, शेवटी धबधब्याच्या बाजूला सुट्या दगडांचीही आहे, पण हात टेकत टेकत होते. तलाव दिसतो तेव्हा खरोखर तोंडून शब्द फुटत नाही, एवढा निळा-हिरवा रंग आणि मागे बर्फ, त्याबद्दल मी काही लिहीत नाही कारण फोटो सगळ्यांनी बघितलेत. तलावाकाठी मुक्काम करायचा असेल तर एवढंच लक्षात ठेवा की ऑगस्टमध्येसुद्धा पहाटे तंबूवर हिव साठतं, शून्याच्या खालची स्लीपिंग बॅग पाहिजे म्हणजे पाहिजेच.

आता खिंड. तलावावरून खिंडीत जाणारी वाट बरी आहे, दम लागतो इतकंच, आणि वर पोचलं की एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला अराशानकडचे डोंगर. सगळे तिथे बसून खातात, सेल्फी काढतात. मग पलीकडे वाकून बघतात आणि गप्प होतात.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, अठ्ठावन्न वय, सह्याद्रीत तीसेक वर्षं फिरलेले, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट डोळे मिटून उतरतील असा माणूस. ते काठावर उभे राहिले, बघितलं आणि म्हणाले, "अरे, वाट कुठाय?" वाट नाहीच. म्हणजे पायांनी पडलेल्या चार-पाच पट्ट्या आहेत, सरळ खाली गेलेल्या, नागमोडी वगैरे काही नाही. वरचा टप्पा सगळ्यात वाईट, कारण तिथे घसारा खोल नाहीये. खाली घट्ट बसलेली माती आणि तिच्यावर बोटाएवढी खडी. खोल घसारा असता तर टाच रुतवून भसाभस उतरता येतं, आपल्याला सवय असते त्याची, पण इथे टाच रुततच नाही, पाय ठेवला की खडीसकट निघून जातो. धरायला कातळ नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. आणि वरून दुसरे लोक उतरत असतात, त्यांच्या पायाखालचे दगड तुमच्याकडे येतात. एक नारळाएवढा दगड काकांच्या सॅकला घासून गेला, वरून कोणीतरी रशियनमध्ये ओरडलं पण तोपर्यंत दगड खाली पोचलासुद्धा होता. काका वीस पावलांवर बूड टेकून बसले आणि तसेच बसून बसून उतरले, पँट फाटली, तळहात सोलले. मी या माणसाला इतक्या वर्षांत कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, म्हणून ज्याने आम्हाला "पलीकडे नुसता उतार आहे" असं सांगून पाठवलं त्याचा अजूनही राग येतो. पैसे घेऊन माहिती देणाऱ्या माणसाने हे एक वाक्य सांगायला पाहिजे होतं.

त्याच वेळी एक तिथला पोर्टर, पाठीवर भलंमोठं ओझं आणि पायात साधे रबरी बूट, आमच्या शेजारून तिरका तिरका पळत गेला आणि पाच मिनिटांत खाली ठिपका झाला. त्याच्याकडे बघून एक कळलं, तो पट्ट्यांमधून उतरतच नव्हता. तो तुडवलेल्या भागाच्या बाहेर, जिथे दगड जरा मोठे आणि न हललेले होते तिथून तिरका जात होता आणि दर आठ-दहा पावलांनी दिशा बदलत होता. आम्ही तेच केलं आणि पुढचं अंतर बऱ्यापैकी निभावलं. अर्ध्यावर गेलं की घसारा खोल होतो आणि तिथून मजेत उतरता येतं.

तर जाणाऱ्यांनी काय करायचं ते सांगतो. खिंडीवर सकाळी दहाच्या आत पोचा, दुपारी ढग जमतात आणि ओल्या मातीवर ती उतरण मी कुणालाच सुचवणार नाही, गारा लागल्या तर तलावाकडे परत फिरा, लाज बाळगू नका. दोन काठ्या घ्या, एक नाही, आणि उतरताना लांब करून घ्या. ट्रेल रनिंगचे बूट घालून जाणारे दिसतात, त्यांना जाऊदे, तुम्ही घोट्यापर्यंतचे बूट आणि गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कव्हर) घाला नाहीतर खाली पोचेपर्यंत बुटात अर्धा किलो खडी होते. हातमोजे घाला, थंडीसाठी नाही, तळहातांसाठी. एकाखाली एक उतरू नका, शेजारी-शेजारी उतरा किंवा खालचा बाजूला झाल्यावरच वरच्याने निघायचं. पाठीवर बारा किलोच्या वर असेल तर विचार करा. घोडेवाले पलीकडून येतात ते खिंडीच्या पायथ्यापर्यंतच, या टप्प्यात घोड्याचा काही उपयोग नाही. आणि जुलैच्या सुरुवातीला जाणार असाल तर वरच्या भागात बर्फ असू शकतं, मायक्रोस्पाइक्सशिवाय (बुटांवर चढवायचे काटे) जाऊ नका. जूनमध्ये तर हा ट्रेक करूच नका असं माझं मत. सगळ्यात चांगला काळ म्हणजे जुलैचा मध्य ते ऑगस्टचा शेवट, नंतर सप्टेंबरमध्ये केव्हाही बर्फ पडतं.

उलट्या दिशेने, म्हणजे अराशानकडून चढून जावं का असं काही जण विचारतात. घसाऱ्यावर चढणं उतरण्यापेक्षा सुरक्षित आहे हे खरं, पण एका दमात १४०० मीटर चढायचं आणि तेही दोन पावलं वर एक पाऊल खाली. गुडघे खराब असतील तर हाच पर्याय घ्या, फक्त मध्ये खिंडीच्या पायथ्याशी यर्ट (तिथले गोल तंबू) कॅम्पला एक रात्र काढा.

खाली उतरल्यावर केल्दिकेचं खोरं लागतं, कुरणं, घोडे, ओढे, चिखल, सुंदर आहे, लांब आहे, संपता संपत नाही. अराशानला गरम पाण्याच्या खोलीत बसलो तेव्हा पोटऱ्यांतून अक्षरशः वाफ निघाल्यासारखं वाटलं. हे मात्र चुकवू नका, पैसे देऊन तासाभरासाठी खोली मिळते, संध्याकाळी गर्दी असते म्हणून पोचल्या पोचल्या नंबर लावा.

आता पैसे. सोम (तिथलं चलन) आणि रुपया जवळजवळ एकास एक आहे, त्यामुळे हिशोब सोपा, आणि फसवलं गेल्यावर दुखतंही लगेच. अराशान ते अक-सू हा जीपचा रस्ता, रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं, नदीच्या पात्रातल्यासारखे धोंडे आहेत. काकांचे हात सोललेले, गुडघा सुजलेला म्हणून आम्ही जीप घेतली. ड्रायव्हरने वर एक आकडा सांगितला, आम्ही गाडीचा समजून बसलो, खाली पोचल्यावर तोच आकडा माणशी झाला. अर्धा तास वाद, गावातली दोन पोरं मध्ये पडली, शेवटी मधला काहीतरी आकडा देऊन सुटलो. म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करा, ड्रायव्हरला दाखवा, गाडीकडे बोट करून "माशिना?" (म्हणजे गाडीचे?) विचारा, मग सगळ्या माणसांकडे बोट फिरवा, आणि त्याने मान हलवल्यावर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. पैसे खाली उतरल्यावर. पाय धड असतील तर जीप घेऊच नका, चार तासांत चालत होतं आणि गाडी इतकी हळू आणि आपटत जाते की चालणाराच सुखी. अक-सूहून कराकोलला मार्श्रुत्का मिळते, अगदी किरकोळ पैशांत.

तंबूच्या कॅम्पचंही असंच. "तंबू इतके सोम" म्हणजे नुसता तंबू, मॅट वेगळी, स्लीपिंग बॅग वेगळी, नाश्ता वेगळा. आधी बेरीज करून घ्या. आमच्या शेजारच्या तंबूतल्या एका जोडप्याने रात्रीचं बिल बघून सकाळी चहासुद्धा घेतला नाही. कराकोलमध्ये भाड्याने सामान देणारी दुकानं आहेत, तिथून सगळं घेऊन गेलात तर वरच्या कोणावरही अवलंबून राहावं लागत नाही, फक्त तंबूची चेन आणि स्लीपिंग बॅग दुकानातच उघडून बघा.

शाकाहारी मंडळींनी हे वाचा. वरच्या कॅम्पवर "मांस नको" म्हटलं की मांस बाजूला काढून तेच देतात. बिश्केकला मेडिकलला शिकणारी भारतीय मुलं भरपूर आहेत, मराठी पोरंही भेटतात, भारतीय जेवण तिथेच काय ते पोटभर घ्या. कराकोलमध्ये अश्लान-फू खा, थंड, आंबट, तिखट नूडल्स, अंडं असतं पण मांस सहसा नसतं, आपल्या जिभेला एकदम आवडतं. पुढे मात्र आपलं आपण. आम्ही दडपे पोह्यांचं सामान, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या आणि मेतकूट नेलं होतं. उंचीवर भूक मरते तेव्हा गूळपोळी जाते, एनर्जी बार जात नाही. पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी फिल्टर करा, वर सगळीकडे गुरं चरतात.

नेटवर्क खोऱ्यात शिरलं की जातं ते अक-सूलाच परत येतं, मॅप आधीच डाउनलोड करा. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये ट्रेकिंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं आणि धरलेलं असेल तरी उंचीची मर्यादा असते, ती ४००० च्या खाली असेल तर ती पॉलिसी या ट्रेकला कामाची नाही, घ्यायच्या आधी बारीक अक्षरं वाचा. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, कराकोललाच विकत घ्या, आणि उरलेले हॉस्टेलवर ठेवून या. आम्हाला एक जवळजवळ भरलेला डबा तसाच मिळाला होता, आम्ही निघताना दोन ठेवून आलो.