बाळंतिणीची खोली

गणपतीपुळ्याला जाणारी सगळीच माणसं मालगुंडला जातात असं नाही. बरीचशी जातच नाहीत, दर्शन झालं, किनाऱ्यावर उंटाबरोबर फोटो झाला, जेवण झालं की गाड्या परत हायवेला लागतात आणि तिथून हाकेच्या अंतरावर असलेलं केशवसुतांचं घर राहूनच जातं. आमचंही राहिलं असतं. पण यावेळी गाडीत आते होती आणि तिने गोव्यात फोंड्यातून निघतानाच सांगून टाकलेलं, आधी मालगुंड, मग गणपती. "देव खंय पळून जाता?" असं तिने म्हटल्यावर मागच्या सीटवरची माझी आई गप्पच झाली, कारण सोमवारचा उपास कधी न मोडणारी बाई असं काही बोलेल हे कोणालाच अपेक्षित नव्हतं.

आते रिटायर्ड मराठी टीचर. फोंडा तालुक्यातल्या शाळांत तिने वर्षानुवर्षं 'तुतारी' शिकवली, घरी कोंकणी बोलणारी पोरं, वर्गात मराठी, आणि त्यांच्याकडून ती ही कविता इतक्या मोठ्याने म्हणवून घ्यायची की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी हेडमास्तरांकडे तक्रार केल्याची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. म्हणजे ज्या माणसाच्या जिवावर हिने पगार घेतला त्याच्या घरी एकदा तरी जाऊन यावं, असं तिचं साधं लॉजिक.

घर अगदी साधं आहे. उतरतं छप्पर, मान वाकवून आत जायचं, जुन्या वापरातल्या वस्तू मांडलेल्या. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते सांभाळलंय, मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. आवारात कविता कोरलेल्या शिळा आहेत. त्यातली एकेक आते चष्मा वर करून, बोट फिरवत, ऱ्हस्व-दीर्घ तपासत वाचत होती. जुनी खोड! माझा भाचा कॉलेजात आहे, तो 'तुतारी'च्या ओळींशी येऊन थांबला आणि म्हणाला, आते आजी, जुनं जाळा नायतर पुरून टाका असं हेच म्हणतायत ना, मग यांचंच जुनं घर कशाला एवढं जपून ठेवलंय? आतेने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने फोटो काढायला लागला. प्रश्न बरोबर होता त्याचा, पण काही प्रश्न मराठीच्या टीचरना विचारायचे नसतात.

मी आत रेंगाळत होते. एक गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटते, की जन्मस्थळ म्हणून जे आपण बघायला जातो तिथे त्या लेखकाने लिहिलेलं असं काहीच नसतं, त्याने फार तर तिथे दूध प्यायलेलं असतं आणि रडलेलं असतं. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६ चा. पुढे शिक्षण आणि नोकरी यांच्या मागे ते किती गावं फिरले, पुणं, मुंबई, खानदेशात भडगाव, फैजपूर, शेवटी धारवाड. 'तुतारी' १८९३ ची, ती मुंबईत लिहिलेली. म्हणजे ज्या कवितांसाठी आपण मालगुंडला जाऊन हात जोडतो त्या भाड्याच्या खोल्यांत लिहिल्या गेल्या, मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारात, आणि त्या खोल्यांचं काय झालं ते बघायला कोण जातोय. सगळ्या मिळून कविता जेमतेम १३५, आणि पुस्तक आलं ते ते गेल्यानंतर, १९१७ साली. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यावर त्यांची एक कविता आहे, दूर परमुलखात बसून त्या वाऱ्याशी बोलताना त्यांना कोकण आठवतं. तो वारा आम्हाला चांगला ओळखीचा, जूनच्या सुरुवातीला तोच येऊन आमची कौलं उडवतो. तेव्हा जन्मगावाचा कवितेशी संबंध आहेच, पण तो गाव सोडल्यानंतर जुळलेला, असं मला वाटतं.

मग त्या घरात आपण नेमकं काय बघतो? आतेने याचं उत्तर न विचारताच दिलं. ती आतल्या अंधाऱ्या बाजूला उभी राहून म्हणाली, "गो, आमच्या आजोळी अशीच होती बाळंतिणीची खोली. खिडकी नाय, वारो नाय, खाटेखाली आगटी. आवयचो घाम निथळायचो." आणि मला एकदम लक्षात आलं की हे घर कवीचं कमी आणि त्याच्या आईचं जास्त आहे. चूल तिची, पाणी तिने भरलेलं, जमीन तिने सारवलेली, आणि बाळंतपणाच्या कळा तर तिच्याच. कवी मोठा झाला आणि निघून गेला, घर चालवलं ते तिने. तरी दारावरची पाटी पोराच्या नावाची! आईचं नाव किती जणांना माहीत असतं? मी आतेला विचारलं, तर आयुष्यभर केशवसुत शिकवलेली बाई विचारात पडली.

आणखी एक गंमत, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. त्यामुळे कितीतरी मोठ्या माणसांचं जन्मस्थळ म्हणजे खरं तर मामाचं घर. कानडीतले कुवेंपू घ्या. त्यांचा जन्म १९०४ साली आईच्या माहेरी, हिरेकोडिगेला. पण माणसं गर्दी करतात ती कुप्पळीच्या कविमनेला, म्हणजे वडिलांच्या वाड्यात, जिथे ते वाढले. आमच्या कवी बाकीबाब बोरकरांचंही असंच काहीसं, जन्म १९१० चा, कुडचड्याचा, पण गोव्यात कोणालाही विचारा, बोरकर कुठचे, तर तो बोरी म्हणेल, आडनावातच गाव आहे म्हटल्यावर कुडचड्याचं कोण ऐकतो. उद्या कोणी जन्मघर शोधायला निघालं तर कुडचडेकर आणि बोरीकर यांच्यात जी जुंपेल ती बघायला मी तिकीट काढून जाईन. आणि माझ्या पिढीचं तर आणखी सोपं, आम्ही सगळे मडगावच्या हॉस्पिसिओत, म्हणजे सरकारी इस्पितळात जन्मलो. पुढेमागे आमच्यातला कोणी मोठा लेखक निघाला तर त्याचं जन्मस्थळ म्हणून मॅटर्निटी वॉर्डमधली एक खाट साखळी लावून ठेवावी लागेल.

गोव्यात लेखकाचं घर बघायचं म्हटलं तर मला चांदर आठवतं. लुईस द मिनेझिस ब्रागांझा, १९०० साली 'ओ हेराल्दो' हे पोर्तुगीज दैनिक ज्यांनी सुरू केलं त्यातले एक, त्यांचं ते घर. रस्त्याच्या कडेने खिडक्यांची लांबच लांब रांग, आत झुंबरं, चिनी मातीची भांडी, पुस्तकांची कपाटं, आणि घराण्यातली माणसं अजून तिथेच राहतात. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लिहिणारा माणूस इतक्या आलिशान घरात राहत होता हे बघून शाळेच्या ट्रिपमधली पोरं हमखास चक्रावतात. मला विचाराल तर चांदरला मी इम्प्रेस झाले आणि मालगुंडला मात्र मला आपल्याच माणसांकडे गेल्यासारखं वाटलं. झुंबराखाली उभं राहून आपली आजी आठवत नाही.

आमचं केरीकडचं आजोळ आता नाही. म्हणजे जागा आहे, घर नाही. सोपो म्हणजे पुढच्या दारचा कट्टा, राजांगण म्हणजे घराच्या मधलं अंगण, न्हाणीतलं ते भलंमोठं तांब्याचं भाण, सगळं गेलं आणि तिथे मामाने स्लॅबचं घर बांधलं, एसीवालं, आणि मामाला मी दोष देणार नाही, वाळवीने खाल्लेले वासे पावसाळ्यात डोक्यावर घेऊन तुम्ही राहून बघा. मातीचं घर माणूस राहता असतानाच टिकतं, वर्षाला कौलं परतायची, आठवड्याला सारवायचं. म्युझियम केलं तरी हे सगळं कोणालातरी करावंच लागतं. "हांगा सारवता कोण?" हा आतेचा पहिला प्रश्न होता, कवितांबद्दल तिने कोणालाच काही विचारलं नाही.

परत येताना तिने गाडीत आणखी एक विषय काढला. केशवसुत गेले १९०५ साली हुबळीला, प्लेगने, वय ३९, आणि थोड्याच दिवसांत त्यांची बायकोही गेली. हुबळी! आम्हा फोंड्यातल्या लोकांना मालगुंडपेक्षा हुबळी जवळ. आमच्याकडचे लोक तिथे साड्या आणायला जातात, डॉक्टरला दाखवायला जातात, ट्रेन पकडायला जातात, मी स्वतः तिथे खानावळीत भाकरी खाऊन आलेय आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की मराठी कवितेला नवं वळण देणारा माणूस याच गावात संपला. जन्मला ते घर सारवून ठेवायचं आणि मेला तिथे साडी सेंटर शोधायचं, असा आपला एकूण व्यवहार. आई म्हणाली, मरणाची जागा काय बघायची असते? आते म्हणाली, मग पानिपत कशाला बघतात?

यावर कुडाळ येईपर्यंत वाद चालला. भाच्याने मध्येच फोनवर कुप्पळीचा रूट काढला आणि जाहीर केलं की दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जायचं, जवळच टेकडीवर मोठमोठे दगड उभे केलेत, रील्ससाठी मस्त जागा आहे. आतेला रील्सचं काही नाही, पण तिने लगेच नवी अट घातली, कुप्पळी करूया, मात्र आधी हिरेकोडिगे, आईचं माहेर. हॉटेल बुकिंग कुठचं करायचं यावर आता फॅमिली ग्रुपवर वोटिंग चालू आहे आणि आते एकटीच दोन फोनवरून वोट करतेय.