काळोखातून खरवडलेला समुद्र

ब्रिटिश म्युझियममध्ये जुनी छापचित्रं टेबलावर मांडून, अगदी जवळून बघता येतात. आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, ओळखपत्र लागतं आणि पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मी मागितलं होतं इंग्लिश चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नरच्या ‘द शिपरेक’चं छापचित्र.

मूळ तैलचित्र १८०५चं, ते लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाकडे आहे. त्यावरून चार्ल्स टर्नरने मेझोटिंट या तंत्राने केलेलं छापचित्र १८०७ साली प्रसिद्ध झालं (दोघांचं आडनाव एक, नातं काही नाही). टर्नरच्या तैलचित्रावरून निघालेलं हे पहिलं छापचित्र. रंग गेल्यामुळे चित्र उणावलं असेल असं वाटतं, पण ते जास्तच अंगावर येतं.

याचं कारण त्याच्या तंत्रात आहे. मेझोटिंटसाठी तांब्याचा पत्रा बारीक दात्यांच्या, वाकड्या धारेच्या हत्याराने आधी सगळाच्या सगळा खडबडीत करतात. तसाच शाई भरून छापला, तर निव्वळ काळा कागद हाती येईल. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडायचा, घोटायचा. जितका गुळगुळीत, तितकी कमी शाई तो धरतो. म्हणजे इथला फेसाचा प्रत्येक पांढरा फराटा कुणीतरी काळोख खरवडून बाहेर काढलेला आहे. वादळ दाखवायला याहून योग्य रीत मला माहीत नाही.

मागे मोठं जहाज कलंडलंय. पुढे लाटांच्या घळीत नावा, त्यांत दाटीवाटीने माणसं. आकाश आणि पाणी कुठे वेगळं होतं ते कळत नाही. मी बराच वेळ त्या नावांकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या डील या समुद्रकाठच्या गावी गेलो. हे बुडणारं जहाज तिथलं आहे असा माझा दावा नाही. मला जहाजं गिळणारा खरा समुद्र बघायचा होता. गोट्यांच्या किनाऱ्यावर वारा उभं राहू देत नव्हता. समोर, काही मैलांवर, पाण्याखाली गुडविन सँड्स ही वाळूची दांडी पसरली आहे. ओहोटीला तिचा काही भाग उघडा पडतो, घट्ट, चालण्याजोगा. भरती चढू लागली की तीच वाळू भुसभुशीत होते आणि रुतलेलं जहाज सोडत नाही. दांडी आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात मुंबईकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजंही वाऱ्याची वाट बघत नांगर टाकून असायची.

नोव्हेंबर १७०३च्या महावादळात इथे आरमाराची चार जहाजं फुटली, हजाराहून अधिक खलाशी बुडाले. काही जण ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवर चढले आणि भरतीची वाट बघत किनाऱ्याकडे हात करत राहिले. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनियल डिफोने ही हकीकत लिहून ठेवली आहे. काही होड्या गेल्या, पण वाहून आलेला माल गोळा करायला. डीलचा महापौर सायमन प्रिचर्ड संतापला. सरकारी होड्या मिळेनात, तेव्हा त्याने त्या जबरदस्तीने घेतल्या आणि वाचवलेल्या प्रत्येक माणसामागे पाच शिलिंग देऊ केले. सुमारे दोनशे जण परत आले. त्यांच्या खाण्या-राहण्याची सोयही त्यानेच केली.